खव्याच्या फेऱ्या

येरमाळ्याला मी तीन वर्षं ज्यांच्या घरात भाड्यानं राहिले, ते आमचे नाना कुणालाही निरोप द्यायला दारापर्यंत येत नसत. लेक बार्शीहून चार दिवस माहेरपणाला यायची, परत निघायची, तिची बॅग रिक्षात पडायची, ती तिसऱ्यांदा "नाना, निघाले हो" म्हणायची, आणि नाना ओसरीवर बसून पेपर वाचत राहायचे. पहिल्या वेळी मला वाटलं, बापलेकीचं काहीतरी बिनसलंय. मी नवी भाडेकरू, कुणी न विचारता मध्यस्थी करायला गेले. नाना पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "मॅडम, गाडी सुटताना मागं बघायचं नसतं. मागं बघितलं की कुणीतरी पळत येतंयच."

तेहतीस वर्षं लाल गाडीवर कंडक्टरकी केलेल्या माणसाचा तो अनुभव होता.

ओसरीवर ते ज्या सीटवर बसत, तीसुद्धा गाडीतलीच होती. भंगारात निघालेल्या कुठल्याशा गाडीची, दाराजवळची, एकट्याची. तिच्या बाजूच्या खांबाला पितळी बेल, आणि बेलची दोरी ओसरीवरून माजघरातून थेट स्वयंपाकघरापर्यंत गेलेली. दोरी कुठूनही ओढली की बेल वाजायची. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, घरात दुसरं कुणी नव्हतं, तरी नाना भाकरी तव्यावर टाकली की एकदा दोरी ओढत. कुणासाठी, ते मी बरेच दिवस विचारलं नाही.

वेळ ते गाड्यांच्या भाषेत सांगत. दूधवाला कधी आला होता, तर "कळंबची गाडी गेल्यावर." मला बोलवायला कुणी आलं होतं का, तर "व्हय, भूमची गाडी लागली तवा." त्यातून किती वाजले ते आपलं आपण काढायचं. महिन्याभरात मला सगळं टाइमटेबल पाठ झालं. त्यांच्याकडं जुन्या काळचा तिकिटांचा पंच होता आणि तो हातात घेऊन स्वस्थ बसणं त्यांना जमत नसे. वाचून झालेल्या पेपराला भोक. संपलेल्या तारखेला कॅलेंडरवर भोक. आलेल्या लग्नपत्रिकेला भोक. माझा एक रजेचा अर्ज त्यांनी सहज चाळला, तर साहेबांनी दुसऱ्या दिवशी मला विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "घरमालकांनी वाचलाय, सर."

आणि एवढं सगळं असून, निवृत्त झाल्यापासून ते गाडीत एकदाही चढले नव्हते. बार्शी तासाभरावर, तिथं सख्खी लेक, तरी नाही. "जलमभर लोकांला पोचवलं," म्हणायचे, "आता एका जागी बसू द्या की."

असा हा माणूस माझ्या कुत्र्याचा डॉक्टर होईल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

मी कृषी सहायक. सकाळी दहाला स्कूटीवर बाहेर पडायचं, दोन-तीन गावं करायची, शेतकऱ्यांशी बोलून घसा बसवून घ्यायचा आणि पाचला परत. खव्या मला हायवेवरच्या एका धाब्यासमोर सापडला. धाबेवाला सांगत होता की एक गाडी थांबली, कुत्रं खाली उतरवलं, त्याला पाणी पाजलं आणि गाडी निघून गेली. ते पुलापर्यंत मागं पळालं, परत आलं, आणि त्याच जागेवर चार दिवस प्रत्येक गाडीकडं मान उंचावून बघत बसलं होतं. पाणी पाजून सोडून जाणाऱ्या त्या माणसाचा मला अजूनही राग येतो. कुत्र्याचा रंग भट्टीवर जरा जास्त राहिलेल्या खव्यासारखा होता, म्हणून नाव खव्या.

नानांनी त्याला पायापासून शेपटीपर्यंत बघितलं. "हे पाव्हणं मुक्कामी हाय का उतरून जायचंय?"

"मुक्कामी," मी म्हटलं.

"बरं," म्हणाले, आणि पेपर वर घेतला.

पहिल्या सोमवारी मी खव्याला खोलीत ठेवून कामाला गेले. पाचला परतले तर गल्लीत चार माणसं उभी. दार आतून नखांनी खरवडून पांढरं केलेलं, पायपुसण्याच्या चिंध्या झालेल्या, आणि खव्याच्या पुढच्या पायांची नखं रक्ताळलेली. मला बघून तो असा काही अंगावर आला की मी खाली बसले आणि त्याच्यासोबत मीही रडले. शेजारच्या काकू दारात होत्या. त्या मनानं वाईट नाहीत, पण त्यांची मुलगी घरी बसून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती.

"मॅडम, तुमी गेल्यापासनं रडायलंय ते," काकू म्हणाल्या. "एका सुरात. माझ्या पोरीनं कानात कापूस घातलाय, पर कापसानं काय व्हतंय?"

पुढचे आठ दिवस मी जे जे सुचेल ते केलं. रेडिओ लावून ठेवला. माझी ओढणी त्याच्या अंथरुणावर टाकली. काकूंनी येडेश्वरीचा अंगारा दिला, तो लावला. मोबाइलवर एक बाई सोफ्यावरच्या कुत्र्याला काहीतरी शिकवत होत्या, ते बघितलं. पण माझ्याकडं सोफा नव्हता आणि खव्याकडं त्या कुत्र्यासारखा स्वभाव नव्हता. रडणं तसंच. शेवटी काकूंनी एक दिवस चहा देऊन सांगितलं, "चैती यात्रेला माझ्याकडं पंधरा माणसं येणार हायती. तवर त्याची कुठंतरी सोय बघा. मी काय त्याच्या वायटावर न्हाय."

सोय होतही होती. येडशीकडचा एक मेंढपाळ खव्याला न्यायला तयार होता. माणूस चांगला होता, कुत्र्यांना जीव लावणारा होता. त्याचाच मला जास्त राग आला, कारण नाही म्हणायला काही सापडेना. मला फक्त एवढंच दिसत होतं की खव्याला दुसऱ्यांदा कुणीतरी एका जागी उतरवून, पाणी पाजून, गाडीवर बसून निघून जाणार होतं, आणि ते कुणीतरी या वेळी मी असणार होते.

हे मी नानांपाशी बोलले. ते म्हणाले, "उद्या सकाळी तुमी रोजच्यागत निघा. म्या बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसले आणि खव्याकडं बघत राहिले. गाडीतला बिनतिकिटाचा माणूस ते कसा ओळखायचे, हे त्यांनी मला मागं सांगितलं होतं. "तो खिडकीबाहेर लई बघतो. ज्याला भ्या न्हाय तो आत बघतो." त्या नजरेनं त्यांनी खव्याला न्याहाळलं. मी डबा भरला, वेणी घातली, बूट घातले. खव्या आडवा पडून होता. मग मी दह्याचं सट उघडलं.

चमचा सटाला लागला आणि खव्या उठून थरथरायला लागला.

हे मी रोज करत होते आणि रोज मला दिसत नव्हतं. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून आईचा हुकूम होता, हातावर दही घेतल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. खव्या आल्यापासून मी माझं दही खाऊन उरलेला चमचा त्याला चाटवत होते, त्या बिचाऱ्याचाही दिवस चांगला जावा म्हणून. वर त्याला कुरवाळून, "बाळा, लवकर येते हं, रडायचं नाही," असं पाच मिनिटं तोंड बारीक करून सांगत होते. लग्न होऊन सासरी निघाल्यासारखी रोज सकाळी मी त्याचा निरोप घेत होते.

"मॅडम," नाना म्हणाले, "तुमचं कुत्रं दह्याला भेतंय."

मी चमचा हातात धरून उभी.

"दही आलं की हे माणूस दिसभर गायब व्हतंय, एवढंच त्याला ठावं झालंय. आता एक करा. दही खा अन् गुमान बसा."

त्या रविवारी मी दिवसभरात नऊ वेळा दही खाल्लं. दही खायचं आणि खाली बसून मेथी निवडायची. दही खायचं आणि पेपर वाचायचा, भोक पडलेला. पहिल्या चार वेळा खव्या थरथरत दाराशी गेला, पाचव्यांदा त्यानं नुसती मान उचलली, नवव्यांदा जांभई दिली. मला सर्दी झाली. दुसरा धडा स्कूटीच्या किल्लीचा, तिसरा हेल्मेटचा. किल्ली उचलायची, हेल्मेट घालायचं आणि कुठंही जायचं नाही. मी हेल्मेट घालून कांदा चिरत असताना काकू वाटी मागायला आल्या, दारातून बघितलं, आणि वाटी न मागताच परत गेल्या. संध्याकाळपर्यंत मला विचारायला दोन बायका येऊन गेल्या, तब्येत बरी आहे ना म्हणून. नाना म्हणाले, "सांगा त्यांला, डोळ्याला कांदा लागत न्हाय म्हणून."

मी दहा दिवसांची अर्जित रजा टाकली. कारण 'घरगुती अडचण' लिहिलं, त्यात खोटं काही नव्हतं.

मग फेऱ्या सुरू झाल्या. नानांनी थांबे ठरवले. पहिला थांबा अंगणाचं फाटक, दुसरा हापसा, तिसरा पिठाची गिरणी, चौथा हायवेवरचा फाटा. खव्या माझ्या खोलीत, दार बंद, त्याच्यापुढं नारळाची करवंटी. करवंटीत दहीभाकरीचा काला दाबून भरलेला, चाटून संपवायला वेळ लागेल असा. नाना आपल्या सीटवर. ते दोनदा बेल ओढणार, टण टण, की मी निघायचं. ना कुरवाळणं, ना बाळा, ना सोन्या. परत आले की एकच बेल. आल्यावरही पाच मिनिटं त्याच्याकडं बघायचं नाही.

"पाच मिनिटं?" मी म्हटलं. "नाना, तो शेपूट हलवून हलवून पडेल."

"पडू द्या. तुमी आल्यावर दिवाळी केली की त्याला कळतंय, जाणं म्हणजे लई मोठी गोष्ट व्हती. जाणं बारकं करा, येणं बारकं करा. गाडी जाती अन् येती, त्यात काय वाजवायचंय?"

आणि सगळ्यात मोठा नियम, त्यावर ते अडून बसले. रडायला लागायच्या आत परत यायचं. "पाव्हण्यानं तोंड उघडायच्या आगुदर गाडी लागली पायजे."

फाटकाच्या फेऱ्या मी पहिल्या दिवशी चाळीस मारल्या असतील. गल्लीतून जाणारे थांबून बघायचे. एक बाई अंगणाच्या फाटकापर्यंत चालत जाते, फाटकाला हात लावते, परत येते, घरातून बेल वाजते, पुन्हा चालू लागते. तिसऱ्या दिवशी हापसा जमला. पाचव्या दिवशी गिरणी. खव्याला डबल बेल कळायला लागली होती. बेल वाजली की तो आपणहून अंथरुणाच्या पोत्यावर जाऊन करवंटी पुढं ओढून घ्यायचा. मी हुरळून गेले आणि तिथंच माती खाल्ली.

सहाव्या दिवशी गिरणीपाशी एका शेतकऱ्यानं गाठलं. आंब्याचा उशिरा आलेला मोहोर गळत होता, तुडतुडे पडले होते, फवारणी कोणती घेऊ म्हणत होता. मी रजेवर आहे असं सांगायला तोंड उघडलं आणि फवारणीच सांगायला लागले. वीस मिनिटं गेली. परत फिरले तर हापशापासूनच खव्याचा आवाज ऐकू आला, तोच सूर, पहिल्या सोमवारचा. काकू त्यांच्या दारात, आणि नाना अंगणात उभे. त्यांना असं उभं राहिलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

"गाडी लेट," नाना म्हणाले.

मीही वैतागलेली होते. "नाना, तो माणूस बोलत होता. मध्येच पाठ फिरवून येऊ का? माझं कामच आहे ते."

"त्या पाव्हण्याला काय ठावं मोहोर काय अन् तुडतुडे काय? एक माणूस गेलं अन् आलं न्हाय, एवढंच त्याला ठावं. पुन्यांदा फाटकापासनं."

"मला नाही जमत आता. नेऊ दे त्या मेंढपाळाला." मी असं म्हणाले खरी. दार लावून घेतलं आणि खव्याच्या पोत्यावर बसले. त्याचं नाक माझ्या गुडघ्यावर होतं. यात्रा बारा दिवसांवर आली होती आणि आम्ही परत फाटकापाशी.

संध्याकाळी नाना ओसरीवर बेल उतरवून तिला तेल घालत बसले होते. मी चहा नेऊन दिला. नाना माझ्याकडं न बघता बोलायला लागले.

"आमची घरची हुती तवा आमचं घर फाट्याला लागूनच हुतं. गाडी घरावरनं जायची. म्या बेल मारायचो. एक मारली की भाकरी टाकायची, सांजला घरी हाय. डबल मारली की मुक्कामाची गाडी, वाट बघायची न्हाय. नवा डायव्हर असला की एका बेलला ब्रेक मारायचा अन् म्हणायचा, इथं स्टाप कुठं हाय? म्या म्हणायचो, हाय एक, तुमी चला."

मी हसले. तेही हसले.

"तुम्ही जाताना त्या रडत होत्या का कधी?" मी विचारलं.

"कधी बघितली न्हाय," नाना म्हणाले. बेलवरचा फडक्याचा हात थांबला. "पर बघाय थांबलोच कुठं, मॅडम? गाडी सुटली की म्या फुडं बघायचो."

त्यांनी चहा संपवला, कप बाजूला ठेवला आणि बेल खांबाला पुन्हा अडकवली. नंतर ते एवढंच म्हणाले, "उद्या कळंबच्या गाडीला सुरू करू. फाटकापासनं." मी हो म्हणाले.

दुसऱ्यांदा फाटकापासून सुरू केलं तेव्हा मला एक गोष्ट समजली. ती या माणसाला आधीपासून ठाऊक होती. खव्याला मी हवी होते असं नव्हतं. मी येणार हे त्याला पक्कं हवं होतं. म्हणून वेळ पाळली. रस्त्यात कुणी भेटलं की हात जोडून पुढं. दोन माणसं माझ्यावर रुसली, त्यांना नंतर समजावलं. रजा संपायच्या आदल्या दिवशी फाटा जमला, तिथं मी एक चहा पिऊन आले. मग कामाचा दिवस आला. पहिल्या दिवशी मी दुपारी जेवायला घरी आले, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी नाही आले. पाचला गल्लीत शिरले तर काकू दळण घेऊन चाललेल्या. त्या थांबल्या.

"मॅडम, कुत्रं दिलं का काय तुमी त्या मेंढरावाल्याला?"

"नाही हो. घरातच आहे."

"मग आज आवाज कसा न्हाय?"

मी स्कूटी लावली. आत एक बेल वाजली. खव्या पोत्यावरून उठून, आळस देऊन, शेपूट हलवत आला. मी पाच मिनिटं त्याच्याकडं बघितलं नाही. ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब पाच मिनिटं होती. यात्रेला काकूंकडं पंधराच्या जागी बावीस माणसं आली, गावभर हलगी वाजत होती, आणि खव्या करवंटीवर डोकं टेकून झोपला होता. नानांनी कॅलेंडरवर त्या तारखेला दोन भोकं पाडली.

या गोष्टीला दोन वर्षं होत आली तेव्हा माझी बदली माकणीला झाली. धरणाकाठचं गाव, ऊस आणि द्राक्षं, काम मनासारखं. हजर व्हायला दोन आठवडे होते. मी नानांना ऑर्डर दाखवली. त्यांनी वाचली आणि तिला भोक पाडायचं विसरले.

माझ्या ते लगेच ध्यानात आलं नाही. पण मग एकेक दिसायला लागलं. निवडून ठेवलेली ज्वारी ते परत निवडत बसले. बेलची दोरी चांगली असताना बदलली. एक दिवस तर म्हणाले, "कळंबची गाडी गेली का?" आणि कळंबची गाडी माझ्या डोळ्यांदेखत नुकतीच गेलेली. या माणसाची गाडी कधी चुकली नव्हती. काय होतंय म्हणून विचारलं तर म्हणाले, "उन्हाळा बाधलाय." मला मात्र फाडलेलं पायपुसणं आठवलं.

मी कुणाला काही बोलले नाही. खोली बघायचं निमित्त काढलं आणि खव्याला घेऊन दोन दिवस माकणीला जाऊन आले. पुढच्या आठवड्यात तीन दिवस. येताना नेमकी सांगितलेल्या वेळी आले. तिसऱ्यांदा निघाले तेव्हा नाना पेपराआडून म्हणाले, "मॅडम, माकणी बारकं गाव हाय. किती खोल्या बघताव?"

मी वाकून खव्याचा पट्टा नीट करायला लागले.

"मला खव्या समजलाव व्हय?"

मला लपवता येत नाही, तोंडावर दिसतं.

"समजलाव तर समजलाव," नाना म्हणाले, "पर पद्धत चुकायलीय तुमची. पहिलीच फेरी दोन दिसाची? आगुदर फाटक."

आणि त्या दिवशी त्यांनी मला खरोखर फाटकापर्यंत पाठवलं. डबल बेल दिली, मी फाटकाला हात लावला, परत आले. पाच मिनिटं त्यांनी पेपरातून डोकं काढलं नाही. मग हापसा. मग गिरणी. आम्ही दोघंही चेहरे गंभीर ठेवून होतो, पण फाट्याच्या फेरीला काकू बाहेर आल्या, "आता आनि कोणाचं कुत्रं?" म्हणाल्या, आणि नाना एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

निघायचा दिवस आला. पिकअपमध्ये सामान भरलं, मागं सामानाजवळ खव्याचं पोतं टाकलं. मी पाया पडायला वाकले तर नाना मागं सरकले. "जाताना लाड न्हाय. शिकवलंय ना?" मग ते आत गेले आणि दह्याची वाटी घेऊन आले. एक चमचा माझ्या हातावर, एक खव्याला, एक स्वतः खाल्ला. वाटी घेऊन आपल्या सीटवर गेले, पेपर उघडला.

मी पुढं बसले. मागं बघायचं नाही हे मला माहीत होतं. ड्रायव्हरनं गाडी चालू केली. पण आरशात दिसत होतं, खव्या मागं सामानात उभाच होता, कान टवकारून. तो बेलची वाट बघत होता. बेलशिवाय त्याला बसायचं माहीत नव्हतं.

"निघू का, मॅडम?" ड्रायव्हर म्हणाला.

"थांबा जरा."

टण.

एकच. ड्रायव्हरनं माझ्याकडं बघितलं. मी समोरच्या काचेतून हापशाकडं बघत राहिले. माझे डोळे भरले आणि मी ते भरू दिले. एक बेल म्हणजे भाकरी टाकायची, सांजला घरी. घरातून काहीच आवाज येईना. काकू त्यांच्या दारात पदराचं टोक धरून उभ्या होत्या.

टण.

दुसरी वाजली. खव्या पोत्यावर गोल फिरून बसला, आणि मी म्हटलं, "चला."

पहिली सुट्टी मिळाली त्या शनिवारी मी खव्याला घेऊन माकणीहून पहिली गाडी पकडली, धाराशिवला बदलली, येडशीला चहासुद्धा घेतला नाही. सांगितलेली वेळ बार्शीच्या गाडीची होती. ती फाट्यावर लागायच्या आत मी गल्लीत होते. नाना सीटवर होते, पेपर तोंडासमोर. त्यांनी वर बघितलं नाही. मी ओसरीच्या पायरीवर बसले, खव्या माझ्या पायाशी बसला. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. मी पाच मिनिटं मोजली. खव्याची शेपूट जमीन झाडत होती.

मग नानांनी पेपराची घडी घातली, पंचानं एक भोक पाडलं, हात लांबवून दोरी एकदाच ओढली आणि भाकरीसाठी पीठ मळायला आत गेले.